दादांच्या गाडीला धक्का

"या खेपेला काही म्हणजे काही चुकणार नाही!" धाकट्यांनी सकाळीच जाहीर करून टाकलं. "वहिनी, तुम्ही फक्त दादाजवळ बसा. बाकीचं मी बघतो."

वहिनींनी मान हलवली. ती होकाराने हलली की काळजीने, हे कळायला मार्ग नव्हता. कारण धाकटे 'मी बघतो' म्हणाले की घरातली माणसं आधी घाबरायची आणि मग दादांना बोलवायची. आज बोलवायला दादा नव्हते. आज दादांनाच पोचवायचं होतं.

आता धाकटे म्हणजे काही वयाने धाकटे राहिले नव्हते हं! डोक्याचं मैदान झालेलं, गुडघे जिना चढताना कुरकुरणारे, नातवंडं शाळेत जाणारी. पण थोरला भाऊ होता म्हणून घरी, दारी, बाजारात सगळे त्यांना धाकटेच म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी बस आगारात वेळापत्रकं लावली. कागदावर त्यांची एकही बस कधी उशिरा सुटली नाही. रस्त्यावर काय व्हायचं ते प्रवाशांना विचारा! पुतणीच्या लग्नाची सगळी आखणी त्यांनी केली, तेव्हा बँडवाले चुकून शेजारच्या कार्यालयात शिरले आणि भलत्याच नवऱ्यापुढे मन लावून वाजवत बसले. शेवटी दादांनी जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

दादा गाड्यांचे वायरमन होते. बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, हॉर्न, वायपर, गाडीत जिथे जिथे करंट जातो तिथे तिथे दादांचा हात. जुन्या बाजारात त्यांचा एक गाळा होता, आणि अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. मास्तरांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे धाकट्यांची गाडी. ती कुठेही बंद पडायची. पुलावर पडायची, सासुरवाडीच्या दारात पडायची, एकदा तर गॅरेजमधून दुरुस्त होऊन बाहेर पडताना फाटकातच पडली! मग धाकट्यांचा फोन जायचा, "दादा, बंद पडली रे!" पलीकडून एकच प्रश्न यायचा, "दिवे लागतात का?" आणि थोड्या वेळात दादा आपली जुनी व्हॅन घेऊन हजर. ते कधी रागावले नाहीत. शाबासकीही कधी दिली नाही म्हणा, पण गाडी बंद पाडल्याबद्दल शाबासकी देणार तरी कशी!

म्हणून आज धाकट्यांना एकच गोष्ट हवी होती. दादांना नीट, वेळेवर, मानाने पोचवायचं. मधे कुणाला हाक मारावी न लागता.

आखणी चोख होती. विद्युतदाहिनीची दुपारची वेळ घेतलेली. फुलं आलेली. रस्ता असा निवडलेला की सिग्नल कमीत कमी लागावेत. पुढे शववाहिका, मागे दादांची व्हॅन, तिच्यामागे नातेवाइकांच्या गाड्या. शववाहिकेचा चालक लांबुडक्या चेहऱ्याचा, पापण्या अर्ध्यावर आणलेला माणूस होता, म्हणजे शोकाचा गणवेश त्याने चेहऱ्यावरच चढवलेला! गाडीच्या टपावर कर्णा होता आणि त्यातून बासरी वाजत होती. एकंदरीत सगळं इतकं व्यवस्थित होतं की धाकट्यांना क्षणभर वाटलं, दादा हे बघायला हवे होते. मग दादा मागेच काचेआड झोपले आहेत हे आठवलं, आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

बाजार ओलांडला आणि बासरी खाली उतरू लागली. आधी धाकट्यांना वाटलं, सूरच तसा असेल. पण ती उतरतच गेली. बासरीची सनई झाली, सनईचा भोंगा झाला, आणि शेवटी कर्ण्यातून एखादी म्हैस पोट दुखून हंबरावी तसा आवाज येऊ लागला. फुटपाथवरचे लोक हात जोडता जोडता थबकून वर बघू लागले.

"हे काय आहे?" धाकटे कुजबुजले.

"दुःखाचा राग असेल," चालक म्हणाला.

तेवढ्यात इंजिनाने दोन आचके दिले आणि ऐन चौकात, चारी बाजूंनी वाहनं येत असताना, शववाहिका उभी राहिली. चालकाने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् टक् टक्. म्हाताऱ्याने दातावर दात वाजवावेत तसा आवाज!

"होईल, होईल! जरा लहरी आहे," चालक म्हणाला. "धक्का मारा."

मग काय, अंत्ययात्रेचा रंगच पालटला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाह्या सरसावून शववाहिकेला भिडली. आगाराचे निवृत्त मुख्य लिपिक एका बाजूला, दादांचे जावईबापू दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध धाकटे, "हं, जोर लावा!" म्हणत. चौकातला वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत धावत आला. "अहो, इथे थांबायला मनाई आहे! कोण आहे आत?"

"बाजारातले वायरमन. मास्तर."

पोलिसाच्या तोंडातली शिट्टी खाली लोंबली. "मास्तर गेले?" त्याने टोपी काढली. "माझ्या मोटारसायकलला त्यांनी..."  चारी बाजूंची वाहनं त्याने हात दाखवून थांबवली आणि स्वतः मागे येऊन खांदा लावला. फळवाला आला, दोन रिक्षावाले आले. सगळ्यांनी मिळून गाडी कडेला घेतली. पण सुरू काही ती झाली नाही. नव्या पद्धतीचं इंजिन, करंट नसला की त्यात डिझेलसुद्धा सरकत नाही.

धाकट्यांना दरदरून घाम फुटला. सगळे त्यांच्याचकडे बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, सवयीचं बटण दाबलं, कानाला लावला आणि श्वास रोखून वाट पाहू लागले. रिंग जात होती. आणि कुठेतरी अगदी जवळ दुसरा एक फोन वाजत होता.

शववाहिकेच्या उघड्या दाराशी बसलेल्या वहिनींनी पिशवीत हात घातला. दादांचा फोन बाहेर काढला. पडद्याकडे पाहिलं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचाच आहे."

त्यांनी पडदा वळवून दाखवला. दादांनी धाकट्यांचा नंबर ज्या नावाने साठवला होता ते नाव तिथे चमकत होतं : 'धाकटा गाडी बंद'.

धाकट्यांनी फोन खाली घेतला. दादांना विचारायचंय आणि दादा नाहीत, हे त्यांना सकाळपासून माहीत होतं, पण कळलं आत्ता. फळवाल्याच्या हातगाडीच्या कडेला धरून ते उभे राहिले. जावईबापूंनी पुढे केलेलं पाणी प्यायले. मग नाक पुसून म्हणाले, "व्हॅनमधल्या त्या दोघांना बोलवा."

ते दोघं म्हणजे दादांचे शिष्य, फ्यूज आणि चोक. नावं दादांनीच ठेवलेली. एक पटकन तापून उडायचा म्हणून फ्यूज. दुसरा थंडीतल्या इंजिनासारखा, तोंड उघडायला वेळ घ्यायचा, म्हणून चोक. आता दोघांचेही केस पिकले होते, दोघांचीही समोरासमोर दुकानं होती, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कधीकाळी एका गिऱ्हाइकाच्या गाडीवरून बिनसलं होतं. एक म्हणाला बॅटरी गेलीय, दुसरा म्हणाला, ती भरणारा अल्टरनेटर. गिऱ्हाइकाने वैतागून गाडीच विकली, पण भांडण ठेवून गेला! आजही व्हॅनमध्ये दोघं दोन खिडक्यांना चिकटून बसून आले होते.

फ्यूज पोचला तोच ओरडत. "बॅटरी! डोळे मिटून सांगतो, बॅटरी!"

चोकने बॉनेटखाली डोकावलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग धाकट्यांना म्हणाला, "त्याला सांगा... अल्टरनेटर."

"त्याला सांगा, किल्ली फिरवल्यावर टक्टक होते ती बॅटरीची!"

"त्याला सांगा... गाडी चालता चालता बंद पडली. उभी असताना नाही."

"त्याला सांगा की..."

"अरे, तुम्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर आहात!" धाकटे कळवळून म्हणाले. "आणि माझा भाऊ आत आहे!"

 फ्यूजने व्हॅनमधून जंप केबल आणली. लाल आणि काळे चिमटे दोन्ही बॅटऱ्यांना लावले, व्हॅन चालू ठेवली, आणि शववाहिकेची किल्ली फिरवताच इंजिन धडधडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग जीभ चावली.

"बघा!" फ्यूज छाती काढून म्हणाला. "दुसऱ्याच्या बॅटरीने सुरू झाली, म्हणजे हिची बॅटरी मेलेली!"

तो शब्द तिथेच लोंबकळत राहिला. फ्यूजने वहिनींकडे पाहिलं. त्याचा चेहरा कसानुसा झाला. "म्हणजे... उतरलेली. वहिनी, मला तसं..."

"मेली तर मेली म्हण रे," वहिनी म्हणाल्या. "शब्दाने काय होतंय आता."

चिमटे काढले, दारं लागली, वरात, चुकलो, यात्रा पुन्हा निघाली. बासरीही सुरू झाली. धाकट्यांनी मनातल्या मनात वेळापत्रक नव्याने लावलं. थोडा उशीर, पण भरून काढता येईल. आणि शाळेची लांबलचक भिंत जिथे संपते, तिथे बासरीची पुन्हा म्हैस झाली.

या वेळी चोक कुणाचीही वाट न पाहता पुढे आला. व्हॅनमधल्या दादांच्या पेटीतून त्याने मीटर काढलं. पिवळं, कडा झिजलेलं, मागे पट्टी गुंडाळलेलं. हातात घेऊन जरा वेळ नुसता उभा राहिला. फ्यूज ते बघत होता. मग खाकरून म्हणाला, "लाव की."

"आधी... सुरू कर."

एकमेकांशी बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. धाकट्यांच्या आलं, पण ते शहाणपणाने गप्प बसले.

पुन्हा केबल लावून गाडी सुरू केली आणि चिमटे काढून बॅटरीवर मीटर धरलं. चोकने धाकट्यांना आकडा दाखवला. "इंजिन चालू असलं की इथे चौदा व्होल्टच्या आसपास यायला हवा. अल्टरनेटर बॅटरी भरत असतो ना. बघा." आकडा बाराच्याही खाली होता, आणि सगळे बघत असताना आणखी उतरत होता. "भरत नाहीये. बॅटरी आपलंच खाऊन चालली होती. म्हणून तीही संपली."

इंजिन बंद पडताच फ्यूजने अल्टरनेटरचा पट्टा दाबून पाहिला, तो घट्ट होता. वायर हलवून पाहिली, ती शाबूत होती. मग त्याची नजर चालकासमोरच्या काट्यांवर गेली. तिथे एका कोपऱ्यात काळी चिकटपट्टी लावलेली होती.

"हे काय?"

"ते होय?" चालक म्हणाला. "तिथे एक लाल दिवा आहे. सारखा लागलेला असायचा. डोळ्यावर येतो हो! म्हणून झाकून टाकला."

फ्यूजने नखाने चिकटपट्टी सोलली. खालून बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा टकामका बघू लागला.

"अरे शहाण्या!" फ्यूज उडाला. "तो दिवा हेच सांगत होता! चार्जिंग नाही, चार्जिंग नाही म्हणून बिचारा बोंबलत होता, आणि तू त्याच्या तोंडाला पट्टी लावलीस?"

"आजवर कुणी तक्रार केली नाही," चालक म्हणाला. त्याच्या प्रवाशांचा विचार करता हेही खरंच होतं!

अल्टरनेटर रस्त्यावर दुरुस्त होणारा नव्हता. आतले कार्बनचे तुकडे झिजून गेले असणार, दोघांचंही मत पडलं, आणि एकच मत पडलं म्हणून दोघंही जरा बावरले. मग ठरलं की व्हॅनची बॅटरी काढून इकडे बसवायची, कर्णा, पंखा, दिवे सगळं बंद करायचं, आणि आहे तेवढ्या करंटवर गाठायचं.

दोघं कामाला लागले. "दहाचा पाना." "हा घे." "काळी वायर आधी सोड." "ठाऊक आहे मला." "ठाऊक आहे तर सोड ना." शाळेच्या भिंतीपाशी चार हात असे चालत होते की धाकट्यांना दादांचा गाळा आठवला, त्याचा तो ऑइल आणि तापलेल्या वायरींचा वास आठवला. व्हॅनची बॅटरी आकाराने लहान, ती जागेवर हलायला लागली. बांधायला काही सापडेना. फ्यूजने सरळ कमरेचा पट्टा काढून बॅटरी आवळली, आणि तेव्हापासून तो डाव्या हाताने पँट धरून वावरू लागला.

"किती आहे हिच्यात?" धाकट्यांनी विचारलं.

चोकने मीटर पाहिलं.  "मास्तर आजारी पडल्यापासून व्हॅन उभीच होती. पोचवेल... बहुतेक."

व्हॅन शाळेपाशीच कुलूप लावून सोडली. शववाहिका निघाली, या वेळी बासरीशिवाय. आत इतकी शांतता होती की मागच्या फुलांची सळसळ ऐकू येत होती. धाकटे त्या लाल दिव्यावर नजर खिळवून बसले होते. वळण गेलं. पेट्रोलपंप गेला. स्मशानभूमीची झाडं दिसू लागली. आणि फाटक समोर दिसत असताना, शेवटच्या चढावर, इंजिनाने ते दोन ओळखीचे आचके दिले.

  धाकट्यांनी दार उघडलं, उतरले, मागे गेले आणि काचेच्या खाली दोन्ही तळवे टेकवले. पलीकडे, हातभर अंतरावर, दादांचे पाय होते. चादरीखाली अंगठे वर झालेले. किती तरी फेऱ्या या पायांनी धाकट्यांसाठी मारल्या होत्या. धाकट्यांच्या मनात आलं, आपली गाडी दादाने जन्मभर ढकलली. आपण त्याची एकदाही नाही.

"चला," ते म्हणाले.  सगळे आले. जावईबापू आले, मुख्य लिपिक आले, चोक आला, एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने लोटणारा फ्यूज आला. मागून मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला. चौकातला पोलीस ड्यूटी कुणाच्या तरी गळ्यात मारून आला होता. 'जोर लावा' म्हणायची वेळच आली नाही. चढ संपेपर्यंत फक्त चपलांचा आणि श्वासांचा आवाज होता. धाकट्यांच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि हात गुंतलेले असल्याने पुसता येत नव्हतं.

फाटकातल्या कर्मचाऱ्याने घड्याळ पाहिलं. "तुमची वेळ होऊन गेली. पुढचे लोक आत गेलेत. आता त्यांचं आटपेपर्यंत थांबावं लागेल."

झालं! धाकटे मटकन बाकावर बसले. सगळा दिवस, सगळी आखणी, सगळं मातीत. त्यांना वहिनींकडे बघवेना. "वहिनी, माफ करा," ते म्हणाले. "एवढं एक काम होतं. तेही मला..."

दादांना उतरवून झाडाखाली ठेवलं होतं. वहिनी त्यांच्या उशाशी, सावलीत बसल्या होत्या. पदराने त्यांनी दादांच्या कपाळावरची धूळ टिपली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सकाळपासून सगळे मला घाई करत होते, भाऊजी. उठा, निघा, बसा, वेळ होईल. मला कुठे घाई होती?" त्यांनी दादांच्या छातीवर हात ठेवला. "रस्त्यात थांबलो, तेव्हा मला ह्यांच्याजवळ बसायला मिळालं. आताही मिळतंय. थांबू दे."

धाकटे बाकावरून उठले आणि दादांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. झाडांवर पाखरं होती. चालक लांब उभा राहून कुणाला तरी फोनवर गाडी ओढून न्यायला सांगत होता. बराच वेळ तिघं तसेच होते. मग कर्मचाऱ्याने हाक मारली आणि ते सगळं, जे करायचंच होतं, ते झालं.

बाहेर आल्यावर पाहुणे एकेक करून पांगले. फ्यूज आणि चोक बॅटरी मधे धरून शाळेच्या दिशेने चालू लागले. बॅटरीचं एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. पट्टा परत मिळाल्याने फ्यूजचा आवाज चढलेला होता. "तरी मी म्हणत होतो, बॅटरीही गेलेलीच होती!" आणि बऱ्याच अंतरावरून चोकचं उत्तर आलं, "...ही नाही. 'ही' लावू नकोस. 'अल्टरनेटरमुळे' म्हण."

जावईबापू गाडी घेऊन येईपर्यंत वहिनी आणि धाकटे फाटकाशी उभे राहिले.  

"बाहेरच्या खोलीतला पंखा आवाज करतो," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "ह्यांनी दोन महिने बघतो, बघतो केलं. सगळ्या गावाच्या वायरी जोडल्या, घरचा पंखा राहिला. रविवारी याल का?"

धाकट्यांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. पंखा! शिडी! वायरी! पण आज खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "वहिनी," ते म्हणाले, "मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही हो."

"ते का मला ठाऊक नाही?" वहिनी म्हणाल्या. "पंख्याला मी माणूस बोलवीन. तुम्ही चहाला या."

धाकट्यांना हायसं वाटलं. थोडा अपमानही वाटला. ते म्हणाले, "येतो."